शंभर टनी प्रेस आणि माझा पॉवरपॅक : १२ मे ते २० जुलै, जसं घडलं तसं

आधी मशीनची माहिती देतो, म्हणजे पुढचे आकडे लागतील. शंभर टनी चार खांबी हायड्रॉलिक प्रेस, सेकंडहँड घेतलेला, पॉवरपॅक म्हणजे त्याला दाबाखाली तेल देणारा मोटर, पंप, टाकी, व्हॉल्व्हचा संच, सिलेंडर बोअर २५० एमएम, दांडा १८० एमएम, स्ट्रोक ५००. मोटर १० एचपी, १४४० आरपीएम. पंप दोन, एकाच शाफ्टवर एकामागं एक, पुढचा मोठा ४० सीसीचा, म्हणजे एका फेऱ्याला ४० सीसी तेल ढकलणारा (प्लेटन, म्हणजे दाबणारी जाड प्लेट, पटकन खाली आणायला) आणि मागचा छोटा (खरा दाब द्यायला). माझं वर्कशॉप कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, काम बुश (भोकात घट्ट बसणारी धातूची नळी) दाबणं आणि वाकलेले शाफ्ट सरळ करणं. हायड्रॉलिकमध्ये मी शिकलेला नाही, टर्नर आहे. त्यामुळं खाली चुका भरपूर आहेत आणि पैशासकट लिहिल्यात.

१२ मे

तक्रार तीन प्रकारची. प्रेशर १२० बारच्या वर जाईना. तेल तासाभरात एवढं तापतंय की टाकीला हात लावून धरवत नाही. आणि पंपाचा आवाज, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. शंभर टन पाहिजे तर हिशेब सोपा आहे, २५० च्या बोअरचं क्षेत्रफळ ४९१ चौरस सेंमी, म्हणजे दर चौरस सेंमीला साधारण २०४ किलो, म्हणजेच २०० बार दाब लागणार. १२० बारवर मला मिळतात कसेबसे ६० टन. आज साखर कारखान्याच्या ऑर्डरीचा एक बुश अर्ध्यात अडकला, ना आत ना बाहेर, शेवटी गॅस कटिंगनं कापून काढला. तो बुश माझ्या खिशातून गेला.

१५ मे

पंप बदलला. बदलला म्हणजे मागचा छोटा पंप बदलला, कारण प्रेशर तोच देतो आणि ज्याला विचारावं तो पंप गेलाय म्हणत होता. जुन्याची नेमप्लेट घासून पार पांढरी झालेली, किती सीसी ते कळेना. दुकानदार म्हणाला १६ सीसी टाका, स्पीड पण वाढेल. मला पण स्पीड पाहिजेच होता. ९,२०० रुपये. संध्याकाळी चालू केला तर प्रेशर १२० वरून १३५ वर आलं, आवाज उलट वाढला. मग मी रिलीफ व्हॉल्व्हचा (ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की तेल टाकीत सोडून देणारा) स्क्रू दोन आटे आत फिरवला, काहीही फरक नाही. हे दोन आटे लक्षात ठेवा, पुढं येणार आहेत.

१७ मे

आमच्या शेजारच्या शेडमधल्याच्या ओळखीनं एक मामा आले, साखर कारखान्यात मिल हाऊसला पस्तीस वर्षं काढून रिटायर झालेले. तिथं मिलच्या वरच्या रोलवर हायड्रॉलिकचाच दाब असतो त्यामुळं हात बसलेला. आल्यावर कुठलाही पाना हातात घेतला नाही, दहा मिनिटं नुसतं ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "मालक, पंप बदलून काय हुतंय? त्याला प्यायला मिळतंय का न्हाई ते आदी बगा की."

सक्शन लाईनला (टाकीतून पंपाकडं तेल जायची नळी) टी मारून व्हॅक्यूम गेज लावला (गेज ६५० रुपये, आणि प्रेशरचे दोन ग्लिसरीन भरलेले गेज मिळून १,३००). पाऱ्याचे १५ इंच दाखवला. म्हणजे पंप अर्धा बार ओढत होता. मामांच्या हिशेबानं गिअर पंपाला सहा इंचाच्या वर जाऊ द्यायचं नाही. एवढ्या ओढीत तेलात बुडबुडे तयार होतात आणि पुढं दाबाखाली गेले की फुटतात, तोच खडखडाट. पंपाचं पोट आतून तेच खातं. हवा शिरतेय का तेही बघितलं, सक्शनच्या प्रत्येक जॉइंटवर पिचकारीनं तेल सोडलं, आवाज बदलला नाही. म्हणजे लीक नाही, वाटच अरुंद.

वाट मोजली. सक्शनला एक इंची होज. दोन्ही पंप मिळून मिनिटाला ८० लिटर ओढणार, एक इंची भोकातून ते सेकंदाला अडीच मीटरच्या वर पळतं. सक्शनला एक मीटरच्या आसपासच ठेवायचं असतं. आणि पंपाचं तोंड दीड इंची आहे! कुणीतरी आधीच्या मालकानं दीड इंची होज फाटल्यावर मिळाला तो एक इंची रिड्यूसर लावून जोडलाय. मला मशीन घेताना हे दिसलं होतं, मी त्याला मूळचंच समजलो.

१८ ते २० मे

टाकी. ही नोंद जरा लांब होणार कारण तीन दिवस यातच गेले.

तेल पिंपात काढलं, वरचं झाकण उघडलं, टॉर्च मारला. तळाला बोटभर गाळ, तो अपेक्षित होता. अपेक्षित नव्हतं ते म्हणजे भिंती. कुणीतरी टाकीला आतून रेड ऑक्साईड मारलेला. तो पापडासारखा सुटून आला होता, नखानं ओढलं तर हाताएवढी खपली निघाली. सक्शन स्ट्रेनर काढला तर त्याची जाळी दिसेना, लाल खपल्यांनी गुंडाळलेला, गोधडीसारखा. म्हणजे एक इंची होज आणि त्याच्या आधी हा. पंप बिचारा कापडातून रस ओढल्यासारखा तेल ओढत होता.

मी हाताखालच्या पोराला चिंध्या आणि कॉटन वेस्ट देऊन आत उतरवला. पहिली चूक. मामा जेवून आले आणि आत बघून ओरडलेच. कॉटन वेस्टचे धागे सुटतात, ते तळाला चिकटतात आणि मग पहिल्या दिवशीच व्हॉल्व्हात जाऊन बसतात. सगळे धागे काढण्यात दुसरा दिवस गेला. रंग सगळा खरवडला, वायर ब्रश न वापरता, कारण त्याच्या तारा तुटून राहतात, स्क्रॅपरनं आणि एमरीनं. नंतर पेट्रोल नाही, डिझेलनं धुतलं, पुसायला जुन्या सुती साड्या.

आणि शेवटी कणीक. होय, पोळीची कणीक. घट्ट मळलेला गोळा तळावर, कोपऱ्यात, वेल्डिंगच्या शिवणीत दाबत जायचा, बारीक भुकटी त्याला चिकटून येते, कापडानं ती नुसती इकडची तिकडं जाते. बायकोला फोन केला तीन किलो कणीक मळून दे म्हणून, तर म्हणाली एवढी माणसं जेवायला आहेत आणि मला आत्ता सांगताय? सातवा गोळा पांढरा निघाला तेव्हा मामा थांबले. टाकीला आतून आता काहीही मारलेलं नाही, उघडं लोखंड. तेलाखाली ते गंजत नाही, वरच्या रिकाम्या भागाला तेलाचा हात फिरवला.

ब्रीदर (टाकीत हवा गाळून घेणारं झाकण) बघितला तर नव्हताच. भोकात कापड कोंबलेलं. तो नवीन लागणार, ते पुढं सक्शनच्या बिलात आलं.

२३ मे

दीड इंची सक्शन होज, नवीन १२५ मायक्रॉन स्ट्रेनर, फ्लँज, ब्रीदर मिळून ४,३००. जुनं तेल मलमलच्या चार पदरी कापडातून गाळून टेस्टिंगपुरतं परत भरलं, नवं तेल आत्ताच ओतायचं नाही असं मामांचं म्हणणं, अजून काय काय निघेल सांगता येत नाही. हे शहाणपणाचं ठरलं.

चालू केला. व्हॅक्यूम साडेतीन इंच. खडखड गेली. मी इतका खूश झालो की लगेच हँडल ओढणार होतो. मामांनी हात धरला आणि आधी रिलीफचा स्क्रू पूर्ण बाहेर काढायला लावला. प्रेशर नसेल तर रिलीफ आवळायचा ही सवय मोडा म्हणाले. अडथळा जिथं असेल तो अचानक सुटला तर आवळलेला रिलीफ कुठं थांबणार?

मग सिलेंडरचे दोन्ही होज काढून व्हॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडाला स्टीलचे प्लग मारले. म्हणजे सिलेंडर हिशेबातूनच बाहेर. आता प्रेशर आलं तर पॉवरपॅक चांगला आणि दोष सिलेंडरचा, नाही आलं तर दोष इकडंच. स्क्रू हळूहळू आत. १४० ला अडकला. म्हणजे इकडंच. मी नवीन पंपाकडं बघतोय, मामा रिलीफकडं.

रिलीफ उघडला, आतली पायलटची सुई (दाब ठरवणारा छोटा टोकदार व्हॉल्व्ह) काढली. तिच्या टोकाशी, सीटवर, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी लाल खपली. टाकीतलाच रेड ऑक्साईड. सुई पूर्ण बसतच नव्हती, तेल कायम गळत टाकीत चाललेलं. खपली काढली, सीट धुतली, बसवलं, आणि स्क्रू पूर्ण बाहेर ठेवून सुरुवात करून हळूहळू आत घेतला तर २०५ बार! १५ मे ला आवळलेले दोन आटे तसेच ठेवून ही खपली निघाली असती तर काय झालं असतं याचा विचार मी जास्त केला नाही.

आणि लगेच मोटर ट्रिप.

परत चालू, २०० ला गेला की परत ट्रिप. क्लँप मीटर लावला, साडेसतरा अँपिअर, मोटरचा फुल लोड १४ च्या आसपास. आता गणित केलं, जे पंप घेताना करायला पाहिजे होतं. १६ सीसी म्हणजे मिनिटाला २३ लिटर, गुणिले २०५ बार, भागिले ६०० म्हणजे ७.९ किलोवॉट नुसते तेलात, पंपाचा घाटा धरून नऊ. मोटर साडेसातची. १२ सीसी असता तर १७.३ लिटर, सहा साडेसहा किलोवॉटमध्ये भागलं असतं. म्हणजे जुना पंप १२ चाच असणार. कपाटातून काढून जुना परत बसवला. २०५ बार, १२.८ अँपिअर, ट्रिप नाही.

म्हणजे जुना पंप चांगलाच होता. ९,२०० चा नवा पंप तेल लागलेला म्हणून दुकानदार परत घेईना. त्याचंही बरोबर आहे.

२४ मे

सिलेंडर जोडून चालवलं. १६५ च्या वर जात नाही. आता दोष सिलेंडरचा, हे निदान कळलं. टेस्ट अशी केली : प्लेटन खाली आणून जाड ठोकळ्यावर टेकवला, मशीन बंद, दाब सोडला, मग दांड्याच्या बाजूचा होज सिलेंडरपासून सोडून बादलीत धरायची सोय केली आणि वरून दाब दिला. पिस्टनचं सील चांगलं असेल तर सोडलेल्या तोंडातून थेंब थेंब यायला पाहिजे. इथं करंगळीएवढी धार.

बघताना लांबून बघा. मामांनी लीक शोधायला बोट कधीच फिरवलं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन फिरवतात. सुईच्या भोकातून २०० बारचं तेल कातडीत घुसतं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. अशी जखम दिसायला कितीही लहान असो, सरळ हॉस्पिटल.

२६ मे

सील यायला वेळ लागणार म्हणून तोवर तापण्याचा विषय घेतला. मी कूलरचं कोटेशन आणलं होतं, पाण्याचा, १८ हजार, प्लस कूलिंग टॉवरची झंझट. मामा म्हणाले गरम कशानं हुतंय ते सापडलं की मग कूलर घ्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, मशीन नुसतं उभं असताना, म्हणजे मोटर चालू आणि काम नाही, तेव्हा गेज किती दाखवतो? बघितलं. २००.

इथंच सगळं होतं. प्लेटन वरखाली करणाऱ्या मेन व्हॉल्व्हच्या पाटीवर तीन चौकोन असतात, मधला चौकोन म्हणजे मोकळ्या स्थितीत तेल कुठं जातं ते. आमच्या व्हॉल्व्हच्या मधल्या चौकोनात चारही तोंडं बंद. म्हणजे काम नसताना छोट्या पंपाला रिलीफवरून जाण्यावाचून रस्ता नाही. १७ लिटर, २०० बार, म्हणजे जवळपास पावणेसहा किलोवॉट. दोन मोठे गिझर टाकीत सोडून दिवसभर चालू ठेवल्यासारखं. २०० बारवरून एकदा तेल खाली पडलं की एका फेरीतच ते ११-१२ डिग्री तापतं. पाहिजे होता टँडम सेंटरचा, ज्यात मधल्या स्थितीत पंपाचं तेल फुकट टाकीत जातं आणि सिलेंडरची दोन्ही तोंडं बंद.

चूक कशी झाली असेल तेही दिसतं. त्या साईझच्या व्हॉल्व्हची चार बोल्टची जागा आणि भोकं सगळ्यांची सारखीच. आतला स्पूल (सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा) कुठलाही असला तरी व्हॉल्व्ह बसतो, चालतो, प्लेटन वरखाली होतो. मधला चौकोन कोण बघतंय? मी पण तीन वर्षं रोज त्या पाटीवरची धूळ पुसत होतो. नवा व्हॉल्व्ह ६,४००. कूलर घेतला नाही.

२९ मे

व्हॉल्व्ह बसवला आणि वीस मिनिटांत स्पूल सरकवणारी विजेची कॉइल जळाली. धूर.

पोरानं चार बोल्ट पान्याला पाईप लावून आवळलेले. एम६ चे बोल्ट, १४-१५ न्यूटन मीटर पुरे असतं, जास्त ताणलं की व्हॉल्व्हची बॉडीच केसभर वाकते आणि आतला स्पूल, जो काही मायक्रॉनच्या फटीत सरकतो, अडकतो. आणि आमची कॉइल २३० व्होल्ट एसी. एसी कॉइलला कोअर पूर्ण आत जाईपर्यंत भरपूर करंट ओढायची सवय, स्पूल अर्ध्यात अडकला तर तो करंट तसाच चालू राहतो आणि कॉइल भाजते. डीसीला असं होत नाही, तिचा करंट अडकलं तरी तेवढाच. म्हणून दोन्ही कॉइल २४ व्होल्ट डीसीच्या घेतल्या, छोटा पॉवर सप्लाय धरून ३,१००. बोल्ट ढिले केल्यावर स्पूल हातानं दाबला तर मोकळा सरकला, व्हॉल्व्ह वाचला. टॉर्क रेंच शेजारच्या गॅरेजमधून.

१ ते ६ जून

सिलेंडर. प्लेटनखाली दोन्ही बाजूला लोखंडी टेकू. हायड्रॉलिकच्या भरवशावर प्लेटनखाली हात घालायचा नाही, हे लिहायची गरज नसावी पण आमच्याकडं पण कधीकधी घातला जायचा म्हणून लिहितो. दांडा आणि पिस्टन मिळून दोनशे किलो, चेन ब्लॉकनं काढलं.

जुनं पिस्टन सील बघून सगळं कळतं. एका बाजूची ओठाची कड करवतीच्या दातासारखी, त्यात लाल कण रुतलेले. परत तो रेड ऑक्साईड. टाकी साफ न करता नुसतं सीलकिट घातलं असतं तर दोन महिन्यात परत हेच. सीलकिट ७,८००, पॉलियुरेथेनचं. ते थंड असताना प्लास्टिकच्या तुकड्यासारखं कडक असतं, गरम तेलात दहा मिनिटं टाकून मग घालायचं. बोअरमध्ये तेलाचं भोक लागतं तिथं ओठ कापला जातो, म्हणून आतून पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्याच्यावरून सरकवलं. ओठ दाबाच्या बाजूला, हे सगळ्यांना माहीत असतं.

जे मला माहीत नव्हतं ते बॅकअप रिंगचं. वरच्या कव्हरच्या ओ रिंगला सोबत एक टेफ्लॉनची चपटी रिंग असते, ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसवायची, म्हणजे दाबानं ओ रिंग ढकलली गेली की फटीत न शिरता तिच्यावर टेकेल. मी दाबाच्या बाजूला घातली, मला वाटलं ती ओ रिंगला दाबापासून वाचवते. ५ तारखेला लावलं, १५० बारला कव्हरमधून तेलाची पातळ चादर. उघडलं तर ओ रिंग एका बाजूनं चावल्यासारखी. २४० रुपयांची रिंग आणि अख्खा दिवस. ६ ला परत.

दांड्यावर एके ठिकाणी क्रोम उडालेलंय, गव्हाच्या दाण्याएवढं, खालच्या टोकाकडं. ऑइलस्टोननं कडा मारल्या. पूर्ण क्रोम करायला दांडा आठ-दहा दिवस बाहेर जाणार, कारखान्याच्या ओव्हरहॉलिंगच्या सीझनमध्ये ते परवडत नाही. तसंच ठेवलं.

८ जून

होज. व्हॉल्व्हपासून सिलेंडरच्या वरच्या तोंडाचा एक इंची होज दाब आला की फुगलेला दिसायचा, ते मी आधी मनावर घेतलं नव्हतं. त्याच्यावर आर२ (तारांच्या दोन विणी असलेला होज) छापलेलं. दुकानदार म्हणतो आर२ म्हणजे हाय प्रेशरच, आणि अर्धा इंचीत ते खरंही आहे, अर्धा इंची आर२ दोनशे चाळीसच्या आसपास घेतो. पण होज जाड होत गेला की त्याच विणकामाचा दाब कमी होत जातो, एक इंची आर२ चा दाब साधारण १३८ बार. आम्ही त्याच्यावर २०० चालवणार होतो. फुटण्याचा दाब चौपट असतो म्हणून लगेच फुटला नाही एवढंच. डोक्याच्या उंचीवरून जातो तो.

चार तारांच्या गुंडाळीचा ४एसपी घेतला, एक इंचीला २८० बार. दोन तुकडे एंडसकट (टोकाच्या फिटिंगसकट) ७,६००. अडचण ही की तो वाकत नाही, कमीत कमी ३४० एमएमचा वळसा लागतो, आमच्या जागेत बसेना, मग एका टोकाला काटकोनी एंड लावून आणला. माप घेताना होज सरळ ताणून घेऊ नका, दाबात लांबी थोडी बदलते, जरा ढील पाहिजे.

१० जून

तेल, व्हीजी ६८ (तेलाच्या घट्टपणाचा नंबर), २१० लिटरचं बॅरल ३३,५००. बॅरल ७ तारखेला आलं आणि शेडमध्ये जागा नाही म्हणून दोन रात्री बाहेर उभं. पाऊस झाला. उभ्या बॅरलच्या वरच्या खोलगट भागात पाणी साठतं, आणि रात्री बॅरल थंड झालं की आतली हवा आकसते आणि बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. बुच घट्ट दिसत होतं, मला पटेना. मामांनी तळाचं चमचाभर तेल काढून गरम तव्यावर टाकलं. तडतड. फोडणीत मोहरी तडतडते तशी.

दोन दिवस हलवायचं नाही म्हणाले. १२ तारखेला तळापासून चार इंच वरूनच ओढलं, १८५ लिटर घेतलं, खालचं २५ बाजूला, चेनला वापरीन. वरून टेस्ट केली तर तडतड नाही. नवं तेल म्हणजे स्वच्छ तेल नव्हे, हेही कळलं. पिंपातून येणारं तेल व्हॉल्व्हाला पाहिजे तेवढं साफ नसतं, म्हणून १० मायक्रॉनच्या फिल्टर ट्रॉलीतून भरलं (भाड्यानं नाही, मामांच्या जुन्या ओळखीतून). कमी पडलं, २० लिटरची बादली ३,४००.

१३ जून

सगळं जोडलं. रिलीफ बाहेर, मोटर दोनदा नुसती टिचकी मारून फिरवली, हवा काढली, प्लेटन दाबाशिवाय सात-आठ वेळा वरखाली. सुंदर चाललं. मग पूर्ण स्पीडनं वर घेतला आणि रिटर्न फिल्टरचा (टाकीत परत येणारं तेल गाळणारा) डबा गॅस्केट फाडून सुटला. सात-आठ सेकंदात वीस लिटर तेल भिंतीवर, माझ्यावर आणि मामांच्या नव्या टोपीवर.

रिटर्न फिल्टर नवाच होता, २,१०० चा, ८० लिटरचा, कारण पंप मिळून ७५ लिटरचे. इतका हिशेब मला पुरेसा वाटला होता. मामा टोपी पिळत म्हणाले, "दांड्याच्या अंगाला जागा किती हाय, आन् वर किती? खाली पंच्याहत्तर घातलं तर वरनं किती येतंय?"

दांड्याच्या बाजूचं क्षेत्रफळ २३६, वरचं ४९१. वर जाताना दांड्याच्या बाजूला ७५ लिटर शिरलं की वरून मिनिटाला १५६ लिटर बाहेर पडतं. दुपटीच्या वर. रिटर्न लाईन, फिल्टर, व्हॉल्व्ह सगळं पंपाच्या फ्लोवर नाही, ह्या १५६ वर निवडायचं असतं. माझा व्हॉल्व्ह पण १२० चाच आहे.

आजचा उरलेला दिवस लाकडाचा भुसा पसरणे आणि झाडणे.

१७ जून

रिटर्न फिल्टर २५० लिटरचा, ६,९००. आणि सिलेंडरच्या वरच्या तोंडालाच एक पायलट चेक व्हॉल्व्ह (एरवी बंद, दुसरीकडून दाब मिळाला की उघडणारा) लावून जाड लाईन थेट टाकीत, म्हणजे वर जाताना बरंचसं तेल मेन व्हॉल्व्हला वळसा घालून जातं. ८,५००. थोडं जास्त देऊन डीकॉम्प्रेशनवाला घेतला, त्याचं कारण दुसरं होतं. दाबून झाल्यावर उलटं हँडल मारलं की धाड असा आवाज यायचा, अख्खी फ्रेम हलायची. तेल दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकतो, पण २०० बारला ते साधारण दीड टक्का आकसतं, सिलेंडरमधल्या वीस लिटरमध्ये पाव लिटरच्या वर, आणि ते एकदम सुटलं की हातोडा. ह्या व्हॉल्व्हमध्ये आधी बारीक भोक उघडतं, मग मोठं. धाड गेली. आता फुस्स होतं.

तेलाची दुसरी बादली, ३,४००.

२८ जून

अकरा दिवस चाललं. २०० बार स्थिर, बंद केल्यावर मिनिटात ६-७ बार उतरतो, आमच्या कामाला चालतं. तीन तास सलग काम करून तेल ४८ डिग्री, पूर्वी सव्वा तासात ६८. व्हॅक्यूम ४ इंच. एका बुशचा सायकल ३२ सेकंद. पहिल्या पन्नास तासांनी रिटर्न फिल्टर उघडून कापला, घडीत थोडे पितळी आणि रबराचे कण, लाल एकही नाही.

हिशेब विचाराल तर मामांची चौदा दिवसांची हजेरी १२,६०० धरून १,१०,९९० रुपये. त्यातले नको तो पंप, फुटलेला फिल्टर, चावलेली ओ रिंग आणि तेलाच्या दोन बादल्या मिळून १८,३४० निव्वळ माझ्या अकलेचे. मोटर, दोन्ही पंप, सिलेंडर, सगळं जुनंच.

२० जुलै

काल एकानं फोन केला, त्याच्या सत्तर टनीला प्रेशर येत नाही, १६ सीसीचा पंप आहे असं ऐकलं, देणार का. त्याला म्हटलं पंप देतो, पण आधी माझा व्हॅक्यूम गेज घेऊन जा. गेज नेलाय, पंप अजून कपाटात आहे.

क्रोम उडालेल्या जागेवरून सील हळूहळू घासतंय, आज सकाळी ट्रेमध्ये चहाच्या कपाचा तळ भिजेल एवढं तेल होतं, मागच्या आठवड्यात एवढं नव्हतं. गळीत सुरू झालं की कारखान्याची कामं कमी होतात, तेव्हा दांडा क्रोमला पाठवणार.